अलाइनमेंट करूनही गाडी ओढते, पुढून खटखट येते: दोष शोधायचा कसा?

सोलापुरात गाडी वापरणाऱ्यांकडून ही तक्रार सतत ऐकू येते. सरळ रस्त्यावर स्टिअरिंग जरा सैल धरलं की गाडी एका बाजूला जाते, म्हणून अलाइनमेंट, म्हणजे चाकांच्या कोनांची जुळणी, करून आणली. आठ दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच. त्यातच गतिरोधकावरून उतरताना पुढून 'खट्' असा आवाज सुरू झाला. गॅरेजमध्ये लिंक रॉड (चाकाकडचा भाग स्टॅबिलायझर बारला जोडणाऱ्या छोट्या दांड्या) बदलले, आवाज गेला आणि काही दिवसांनी परत आला. मग लोअर आर्म (चाकाची खालची बाजू धरणारा हात), मग शॉकअप, मग परत अलाइनमेंट. खर्च वाढत जातो आणि गाडी आहे तशीच राहते.

यात गोची अशी होते की ओढीची तक्रार टायरच्या दुकानात जाते आणि आवाजाची गॅरेजमध्ये. दोन्हीकडे आपापल्यापुरतं काम होतं. खरं तर पुढच्या चाकाला जागेवर धरून ठेवणारे सांधे दोन्ही तक्रारींना सारखेच आहेत. सांधा ढिला झाला की तो वाजतोही आणि चाकाचा कोनही हलू देतो. ढिल्या सांध्यांवर केलेली अलाइनमेंट ही गाडी मशीनवर शांत उभी असतानाची असते. रस्त्यावर पहिला जोराचा ब्रेक लागला की चाक त्या मापातून सरकतं. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी हवा आणि टायर, मग ब्रेक, मग सांधे, आणि अलाइनमेंट सगळ्यात शेवटी. हा क्रम उलटा केला की पैसे दोनदा जातात.

गाडी खरंच ओढते का, ते आधी ठरवा

पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून डांबरी रस्त्याला मधून कडेकडे उतार दिलेला असतो, साधारण 2 ते 2.5 टक्के, म्हणजे मीटरमागे 20 ते 25 मिलिमीटर. आपण डावीकडून गाडी चालवतो, त्यामुळे हात सोडल्यावर गाडी हळूहळू डावीकडे उतरणं स्वाभाविक आहे. पुणे रस्त्यासारख्या दुभाजक असलेल्या महामार्गावरही सरळ पट्ट्यात प्रत्येक बाजूचा उतार बहुधा बाहेरच्या कडेकडेच असतो. तेव्हा सावकाश डावीकडे सरकणं आणि ओढणं यांत फरक करायला हवा. सरळ जाण्यासाठी हाताला सतत जोर लावावा लागत असेल, तासाभराने उजवा दंड भरून येत असेल, तर ती ओढ. आणि सरळ रस्त्यावर गाडी उजवीकडे जात असेल तर ती थोडीशी असली तरी गंभीरपणे घ्या, कारण रस्त्याच्या उताराविरुद्ध जाऊन ती तिकडे खेचली जाते आहे. तिथे रस्त्याला दोष देता येत नाही.

चाचणीची जागाही नीट निवडा. हंगामात उसाच्या ट्रॉल्यांनी चाकोऱ्या पाडलेल्या रस्त्यावर कोणतीही गाडी इकडेतिकडे पळते, रुंद टायरची तर जास्तच. काळ्या मातीवरचे रस्ते उन्हाळ्यात आक्रसतात, पावसाळ्यात फुगतात आणि मधेच एका कुशीवर कलतात. तिथे गाडीची परीक्षा घेऊ नये. एखादं मोठं, सपाट, काँक्रीटचं मोकळं आवार मिळालं, तिथे रहदारी नसली, की ताशी 20-30 च्या वेगातही पुरेसं कळतं. उघड्या रस्त्यावर हात पूर्ण सोडून बघायचा मोह टाळा. बोटं स्टिअरिंगभोवती सैल ठेवली तरी जोर कुठल्या बाजूला आहे ते लक्षात येतं.

आणखी एक गल्लत फार होते. गाडी सरळ जाते पण स्टिअरिंग वाकडं दिसतं, ही वेगळी तक्रार आहे. ती बहुतेक वेळा टाय रॉडच्या (स्टिअरिंगचा जोर चाकाकडे नेणारी दांडी) लांबीची किंवा मागच्या चाकांच्या दिशेची असते. मेकॅनिकला सांगताना "स्टिअरिंग वाकडं आहे" की "गाडी ओढते" हे स्पष्ट सांगा. दोन्हींचा तपास वेगळा आहे.

त्यानंतर ओढ कधी येते ते बघा. कायम येते, फक्त ब्रेक मारल्यावर येते, फक्त ॲक्सिलरेटर दाबल्यावर येते, की ज्या बाजूला शेवटचं वळण घेतलं त्याच बाजूला येते? या चारांची उत्तरं चार ठिकाणी आहेत. शेवटचा प्रकार लोकांच्या लक्षातच येत नाही. डावीकडे वळून आलात की गाडी डावीकडे, उजवीकडे वळून आलात की उजवीकडे ओढते. असं असेल तर काहीतरी जाम आहे: शॉकअपच्या वरच्या माउंटिंगमधलं बेअरिंग, घट्ट झालेला बॉल जॉइंट (गोळीचा सांधा), किंवा स्टिअरिंगच्या दांड्याचा गंजलेला सांधा. अशा गाडीला अलाइनमेंटचं मशीन काहीच सांगू शकत नाही.

हवा आणि टायर

हवेचं माप ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेलं असतं आणि ते थंड टायरचं असतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा 42-43 च्या पुढे जातो. दुपारी गाडीची एक बाजू उन्हात आणि दुसरी सावलीत उभी असेल तर दोन्हीकडच्या टायरचं तापमान वेगळं असतं. ढोबळ हिशेब असा की 5-6 अंश सेल्सिअसला 1 पीएसआय दाब बदलतो. अशा वेळी पंपावर चारही चाकांत 'सारखी' हवा भरली की संध्याकाळी ती सारखी राहत नाही. म्हणून हवा सकाळी, गाडी फारशी चालायच्या आत, आणि शक्यतो एकाच गेजने तपासा. गाडी कमी हवेच्या बाजूला ओढते. हे इतकं साधं कारण आहे की कुणी बघतच नाही.

हवा बरोबर असूनही ओढ राहिली तर पुढची दोन चाकं आपसांत बदला, डावं उजवीकडे आणि उजवं डावीकडे. टायरच्या बाजूवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर मात्र असं करू नका. चाकं बदलल्यावर ओढ उलट्या बाजूला गेली किंवा नाहीशी झाली, तर दोष टायरमध्ये आहे. रेडियल टायरच्या आतले पट्टे जरासे एका बाजूला सरकलेले असले तर टायर शंकूसारखा लोळतो आणि बाहेरून तो अगदी नवा दिसतो. हे नव्या टायरमध्येही होतं. ओढ तशीच, त्याच बाजूला राहिली तर टायर निर्दोष, पुढे चला. फुकटात होणारी ही चाचणी आहे आणि अलाइनमेंटला जाण्यापूर्वी ती प्रत्येकाने करावी असा माझा आग्रह आहे.

टायरवरून हात फिरवून बघा. नक्षी एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखी लागत असेल तर चाकांची टोच (वरून पाहता चाकं पुढे आत-बाहेर किती वळलेली आहेत ते माप) बिघडली आहे. फक्त आतली कड झिजली असेल तर कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा आत-बाहेर कल) किंवा टोच, आणि अशा गाडीत एखादा बुश (सांध्यातलं रबरी अस्तर) फाटलेला निघण्याची शक्यता चांगलीच आहे. टायरवर चार आकडी तारीख असते, 2319 म्हणजे 2019 सालचा 23 वा आठवडा. पुढच्या दोन टायरांत वयाचा किंवा कंपनीचा फरक असेल तर आधी तो मिटवा.

पावसाळ्यात शेतरस्त्यावरून आलेल्या गाडीच्या रिमच्या आतल्या बाजूला काळ्या मातीचा चिखल वाळून बसतो. त्याने गाडी ओढत नाही, पण ठराविक वेगाला स्टिअरिंग थरथरतं. बॅलन्सिंगला जाण्याआधी रिम आतून धुऊन घ्या.

ब्रेक

दहा-पंधरा किलोमीटर जाऊन या, शेवटी फार ब्रेक न मारता गाडी थांबवा आणि पुढच्या दोन्ही रिमजवळ हात नेऊन बघा. डिस्कला हात लावू नका, भाजेल. एका बाजूची धग स्पष्ट जास्त असेल तर तिकडचा ब्रेक धरून बसला आहे आणि गाडी त्याच बाजूला ओढत असणार. कारणं मुख्यतः दोन: कॅलिपरच्या (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) पिना धुळीने आणि गंजाने अडकणं, किंवा ब्रेकचा रबरी पाइप आतून फुगून ऑइल परत न सोडणं. चाक उचलून ते जाम असताना ब्लीडरची निपल (ब्रेकमधली हवा काढायची झडप) किंचित उघडली आणि चाक लगेच मोकळं झालं, तर दोष पाइपमध्ये किंवा त्याच्या वर. तरीही जामच राहिलं तर कॅलिपर उघडावा. पिनांना साधं ग्रीस लावून देणारे बरेच आहेत. त्या ग्रीसने रबर फुगतं आणि पिन परत अडकते. ब्रेकसाठीचं वेगळं ग्रीस मागून घ्या.

ब्रेक मारल्यावरच गाडी उजवीकडे जात असेल तर लोक उजवा ब्रेक उघडतात. बऱ्याचदा उजवा ब्रेक चांगला असतो आणि डावा काम करत नसतो. दोन्ही बाजू उघडून पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

आवाज: आधी तो हुकमी काढता आला पाहिजे

गॅरेजमध्ये "खालून आवाज येतो" एवढंच सांगितलं तर समोरचा माणूस अंदाजाने पार्ट बदलणार, त्यात त्याचाही दोष नाही. "असं केलं की येतो, असं केलं की थांबतो" हे सांगता आलं की निम्मं काम झालं. त्यासाठी वेळ काढा.

पहिल्यांदा डिकी रिकामी करा. जॅक, पाने, स्टेपनीचा सैल बोल्ट, मागच्या सीटची न बसलेली कडी, बॅटरीची ढिली पट्टी, हे सगळं सस्पेन्शनसारखंच वाजतं. अक्कलकोट-पंढरपूर करून आलेल्या गाडीत तर सीटखाली पाण्याच्या बाटल्या आणि नारळ लोळत असतात.

मग खिडक्या उघड्या ठेवून एखाद्या लांब कंपाउंडच्या भिंतीला समांतर, हळू गाडी न्या. आवाज भिंतीवर आपटून परत येतो आणि दोष कुठल्या बाजूला ते कळतं. उलट दिशेने येताना दुसरी बाजू तपासली जाते.

आता गतिरोधक. आधी दोन्ही चाकं एकदम चढतील असे सरळ जा. मग त्याच गतिरोधकावरून तिरपे जा, म्हणजे एक चाक आधी चढेल. तिरपं गेल्यावर आवाज जास्त आणि सरळ गेल्यावर जवळजवळ नाही, असं असेल तर संशय लिंक रॉडवर किंवा स्टॅबिलायझर बारच्या (वळणावर गाडीचा कल आवरणारा आडवा दांडा) रबरी बुशवर घ्या. दोन्ही चाकं एकदम उचलली की तो बार नुसता फिरतो. एकच चाक उचललं की त्याला पीळ बसतो आणि लिंकच्या सांध्यात जेवढा ढिलेपणा असेल तेवढा वाजतो. बारीक खड्ड्यांवर कमी वेगात 'कट्कट्' आणि वेग वाढल्यावर कमी, ही लिंक रॉडची खूण आहे. सुदैवाने तो स्वस्त पार्ट आहे. दुर्दैवाने याच कारणाने प्रत्येक आवाजावर तोच बदलला जातो.

खराब रस्त्यावरून जाताना ब्रेकवर पाय अगदी हलका टेकवा. आवाज थांबला तर ब्रेक पॅड किंवा कॅलिपर सैल आहे, सस्पेन्शनला हात लावू नका. गाडी जागेवर उभी असताना स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवल्यावर 'टण्' असा, स्प्रिंग सुटल्यासारखा आवाज आला तर वरचं माउंटिंग आणि त्यातलं बेअरिंग बघा. त्याच वेळी स्प्रिंगचं खालचं टोकही टॉर्च मारून तपासा. तुटलेली स्प्रिंग बहुधा खालच्या वेटोळ्यातच तुटते आणि चाकामागे दडून राहते. तिच्याने गाडी त्या कोपऱ्यात बसते, कॅम्बर बदलतो, म्हणजे ओढ आणि आवाज दोन्ही एकाच कारणाने. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची दोन्ही बाजूंना टेपने मोजली तर हा दोष लपत नाही.

स्टिअरिंग पूर्ण फिरवून गोल फेरी मारताना 'कट-कट-कट' असा चाकाच्या गतीने वाढणारा आवाज हा ॲक्सलच्या बाहेरच्या जॉइंटचा. खडबडीत रस्त्यावर बारीक खडखड हाताला स्टिअरिंगमध्ये जाणवत असेल तर रॅकचा (स्टिअरिंगचा आडवा दांडा) बुश, रॅक एंड किंवा स्टिअरिंग दांड्याचा सांधा. खड्ड्यात चाक पडताना 'धाड' होत असेल तर शॉकअप मेलेला असतो किंवा बंप स्टॉपचं (शॉकअप पूर्ण दबला की टेकणारं) रबर चुरा होऊन गेलेलं असतं. शॉकअपच्या नळीवर ऑइल ओघळून त्यावर धूळ चिकटलेली दिसेल. आवाज वेगाबरोबर वाढणारी घूं-घूं असेल आणि तुळजापूरच्या घाटात वळणाप्रमाणे कमी-जास्त होत असेल तर ते चाकाचं बेअरिंग आहे, ठोका नाही.

लोअर आर्मचा बुश: इथे थांबून बघायला हवं

ओढ आणि ठोका एकत्र येणाऱ्या गाड्यांत माझा पहिला संशय याच्यावर असतो. छोट्या आणि मध्यम गाड्यांत पुढे मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे शॉकअप आणि स्प्रिंग एकत्र असलेला खांब, असतो. त्यात चाकाची खालची बाजू एकाच लोअर आर्मने धरलेली असते. आर्मला गाडीच्या बाजूला दोन बुश आणि चाकाच्या बाजूला बॉल जॉइंट. मागचा, मोठा बुश ब्रेकचा आणि वेग घेण्याचा धक्का सोसतो. तो फाटला की ब्रेक मारल्यावर चाक मागे जातं आणि सोडल्यावर पुढे येतं. म्हणून ब्रेक लावताना एक ठोका, आणि रिव्हर्समधून पहिल्या गिअरमध्ये निघताना दुसरा. चाक मागे-पुढे सरकलं की टोच आणि कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे-पुढे कल) दोन्ही बदलतात, त्यामुळे ब्रेकवर स्टिअरिंग हातातून झटका दिल्यासारखं हलतं. सोलापूरच्या उन्हाने रबर कडक होतं आणि पाइपलाइनच्या खोदाईनंतर अर्धवट बुजवलेले चर त्याला रोज बडवतात.

जुळे सोलापुरातल्या आमच्या एका शेजारी काकांच्या गाडीला नेमकं हेच होतं. ओढ डावीकडे, ठोका ब्रेकवर. अलाइनमेंट झाली होती, लिंक रॉड झाले होते. शेवटी एका जुन्या मिस्त्रींनी गाडी उचलली, आर्म आणि सबफ्रेमच्या (आर्म जिथे बसतो ती चौकट) मध्ये टॉमी, म्हणजे लोखंडी पहार, घालून हलकेच दाबली आणि म्हणाले, "मालक, बुश बघा. रबर सुटलंय, आर्म मोकळा नाचतोय." बुश बदलला, गाडी सरळ झाली. पण तो दुसऱ्याच गॅरेजमध्ये बसवला होता आणि थोड्याच महिन्यांत पुन्हा फाटला. काका पार्टला शिव्या देत होते. पार्ट चांगला होता, तो बसवला कसा ते चुकलं होतं.

या बुशमध्ये आतली आणि बाहेरची नळी रबराला चिकटवलेली असते. बोल्ट आवळला की आतली नळी जागेवर पक्की होते आणि आर्म हलताना रबराला पीळ बसतो. चाक हवेत लोंबकळत असताना बोल्ट पूर्ण आवळला, की ती लोंबकळती स्थिती रबराची 'सरळ' स्थिती ठरते. गाडी खाली उतरली की रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि प्रत्येक खड्ड्यात आणखी पिळतं. म्हणून बोल्ट आधी नुसते हाताने लावायचे, गाडी चाकांवर उतरवायची, किंवा आर्मला खालून जॅक लावून चालत्या उंचीला आणायचं, आणि मगच शेवटचा आवळ द्यायचा, तोही टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराने आवळणारा पाना). घाईत हे वगळलं जातं. तुम्ही उभं राहून हे एवढं करवून घेतलं तरी परत येणाऱ्या निम्म्या तक्रारी थांबतील असं मला वाटतं.

चाक उचलून तपासणी

गाडी सपाट, कडक जागेवर उभी करा, मागच्या चाकांना दगड लावा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली अंग घालू नका, स्टँड लावलेच पाहिजेत. खाली एखादी जुनी सोलापुरी चादर अंथरली की निवांत बघता येतं.

चाक वर-खाली धरून हलवा, म्हणजे घड्याळात 12 आणि 6 वाजता हात असतील तसे. खेळ जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा. खेळ गेला तर बेअरिंग, राहिला तर बॉल जॉइंट किंवा वरचं माउंटिंग. मग 9 आणि 3 वर धरून हलवा. इथला खेळ टाय रॉड एंडचा किंवा रॅक एंडचा. कोणता ते नुसतं बघून कळत नाही. दुसरा माणूस चाक हलवत असताना सांध्यावर बोटं ठेवा, ढिलेपणा बोटांना आधी कळतो. रबरी बूट फाटलेला दिसला तर सांधा आज ठीक असला तरी त्यात धूळ शिरलेली आहे, त्याचे दिवस थोडे आहेत.

लिंक रॉडची एक मेख आहे. एकच चाक उचललेलं असताना स्टॅबिलायझर बारला पीळ बसतो, लिंक ताणली जाते आणि तिचा खेळ दिसेनासा होतो. त्यामुळे "लिंक तर घट्ट आहे" असा निर्वाळा मिळतो. लिंक तपासायची ती दोन्ही चाकं जमिनीवर असताना किंवा दोन्ही उचललेली असताना. आणि नवी बसवताना नट फिरवताना खुंटी सोबत फिरू देऊ नये, तिला ॲलन कीने धरावं, नाहीतर बूट पहिल्याच दिवशी फाटतो.

मग अलाइनमेंट

आता सगळे सांधे घट्ट आहेत, टायर आणि हवा ठीक आहे, डिकी रिकामी आहे. आता मशीनवर जा आणि आधीच्या व नंतरच्या मापांचा कागद मागून घ्या. कागद देत नसतील तर दुसरीकडे जा.

बहुतेक छोट्या गाड्यांत पुढे फक्त टोच बदलायची सोय असते. कॅम्बर आणि कॅस्टर कंपनीने ठरवलेले असतात. आणि टोचने गाडी ओढत नाही. टोच बिघडली की टायर झिजतो, स्टिअरिंग वाकडं बसतं. कायमची ओढ कॅम्बर आणि कॅस्टरच्या डाव्या-उजव्या फरकाने येते. फरक अर्ध्या अंशाच्या वर असेल तर ओढ जाणवणारच. गाडी जास्त पॉझिटिव्ह कॅम्बरच्या बाजूला आणि कमी कॅस्टरच्या बाजूला जाते. तेव्हा तिथल्या मुलाने टोच मशीनवर हिरवी, म्हणजे मापात, करून दाखवली तरी कॅस्टरचा आकडा वाचा. एका बाजूचा कॅस्टर कमी निघाला तर तिकडचा आर्म वाकला असेल किंवा खड्ड्यात आपटून सबफ्रेम सरकली असेल. सबफ्रेम सरकली असेल तर एका बाजूचा कॅम्बर वाढलेला आणि दुसऱ्या बाजूचा तेवढाच घटलेला दिसतो. ती सैल करून मूळ जागी आणून आवळावी लागते.

कॅम्बर बसवण्यासाठी हायड्रॉलिक अवजाराने स्ट्रट वाकवून देतात. मला हे अजिबात मान्य नाही. वाकलेला भाग तसाच ठेवून चांगला भाग त्याच्या जोडीला वाकवायचा, यात शॉकअपचा दांडा एका कडेला घासतो आणि तो लवकर गळतो. काही गाड्यांत स्ट्रट आणि नकलच्या (चाकाचं बेअरिंग धरणारा भाग) बोल्टच्या भोकांत थोडी मोकळीक असते. बोल्ट सैल करून चाक योग्य दिशेला दाबून आवळलं तर तेवढ्यात कॅम्बर बसू शकतो. आधी ते करून बघायला सांगा.

मागच्या चाकांचे आकडेही वाचा. मागचा बीम (मागची दोन चाकं जोडणारा आडवा भाग) सरकला असेल किंवा त्याचे बुश गेले असतील तर गाडी रस्त्यावर किंचित तिरकी चालते. ज्या गाडीत स्थिरता नियंत्रणाची प्रणाली आहे तिच्यात अलाइनमेंटनंतर स्टिअरिंगच्या कोनाचा सेन्सर स्कॅनरने शून्यावर आणून घ्यावा.

काम झाल्यावर काही शे किलोमीटरनंतर चाकाचे नट आणि बदललेल्या सांध्यांचे बोल्ट एकदा तपासून घ्या.

बॉल जॉइंटला स्पष्ट खेळ असेल, टाय रॉड एंड हाताने हलत असेल, स्प्रिंग तुटलेली असेल किंवा ब्रेकवर गाडी झटक्यात बाजूला जात असेल, तर "उद्या बघू" करू नका आणि "हळू नेतो" असंही म्हणू नका. बॉल जॉइंट सुटला की चाक बाहेर पडतं आणि स्टिअरिंग हातात राहून उपयोग नसतो. अशी गाडी आहे तिथेच उभी करा आणि टोइंगवाल्याला बोलावून गॅरेजला न्या.